परिधानयोग्य आरोग्य उपकरणे

परिधानयोग्य आरोग्य उपकरणे म्हणजे मनगटावर, बोटात, छातीवर किंवा दंडावर दिवसरात्र बाळगता येतील आणि शरीराची हालचाल, नाडीची गती, झोप इत्यादींची आपोआप नोंद ठेवतील अशी लहान इलेक्ट्रॉनिक साधने होत. स्मार्ट घड्याळ, फिटनेस पट्टा, स्मार्ट अंगठी, धावपटू वापरतात तो छातीचा पट्टा आणि मधुमेही रुग्णांच्या दंडावर लावला जाणारा ग्लुकोज संवेदक ही त्यांची परिचित रूपे आहेत. ही साधने आपली नोंद मोबाइलमधील ॲपकडे पाठवितात आणि तेथे ती दिवस, आठवडा व महिना यांप्रमाणे आलेखरूपाने पाहता येते.

ही उपकरणे मोजमाप करतात. आरोग्य सुधारण्याचे कार्य मात्र त्या मोजमापाच्या आधारे माणसाने बदललेल्या सवयींमुळे होते. आजवरच्या संशोधनातून हा भेद पुन्हा पुन्हा स्पष्ट झाला आहे. त्यामुळे उपकरण काय मोजते, किती अचूक मोजते आणि कोणत्या आकड्यावर कितपत विसंबावे, हे समजून घेणे वापरकर्त्यासाठी महत्त्वाचे ठरते.

संज्ञा

'परिधान' या शब्दाचा मूळ अर्थ वस्त्र अंगावर घालणे असा आहे. घड्याळ किंवा अंगठी यांबाबत मराठीत 'घालणे' हेच क्रियापद रूढ असल्याने 'परिधानयोग्य' हा शब्द या साधनांना चपखल बसतो. बोलीत मात्र 'स्मार्ट वॉच', 'फिटनेस बँड' आणि 'ट्रॅकर' हे शब्द सर्रास वापरले जातात. केवळ पावले मोजणाऱ्या जुन्या यंत्राला पदमापक किंवा पेडोमीटर म्हणतात. प्रस्तुत लेखात 'उपकरण' हा शब्द या सर्वांसाठी वापरला आहे.

इतिहास

चालताना पडणारी पावले यंत्राने मोजण्याची कल्पना जुनी आहे. लिओनार्दो दा विंची याच्या रेखाटनांत अंतर मोजणाऱ्या यंत्राचे आराखडे आढळतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अब्राहम-लुई पेरले या स्विस घड्याळजीने पावले मोजणारे यंत्र तयार केले.

हृदयाच्या नोंदीचा इतिहास स्वतंत्र आहे. डच शास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाच्या विद्युत्प्रवाहाचा आलेख काढण्याची व्यवहार्य पद्धत विकसित केली. त्यासाठी रुग्णाला दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे व मूळ यंत्राने मोठी जागा व्यापलेली असे. या कार्याबद्दल त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेतील माँटाना राज्यातील शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांनी चालत्या-फिरत्या माणसाचा हृदयालेख घेणारे यंत्र बनविले. त्याचा पहिला नमुना पाठीवर वाहावा लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. आज रुग्णालयात २४ तास लावला जाणारा 'होल्टर' हा त्याचाच सुटसुटीत वारस आहे.

व्यायामासाठीच्या उपकरणांचा आधुनिक इतिहास जपानमध्ये सुरू होतो. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तेथे व्यायामाविषयी लोकांत आस्था वाढली होती. १९६५ मध्ये यामासा या कंपनीने 'मानपो-केई' नावाचा कमरेला लावायचा पदमापक विक्रीस आणला. जपानी भाषेत 'मान' म्हणजे दहा हजार, 'पो' म्हणजे पाऊल आणि 'केई' म्हणजे मापक. म्हणजेच या यंत्राचे नावच 'दहा हजार पावलांचे मापक' असे होते.

फिनलंडमधील पोलार या कंपनीने १९८२ मध्ये छातीच्या पट्ट्याकडून मनगटावरील घड्याळाकडे बिनतारी संदेश पाठविणारा नाडीमापक बाजारात आणला. त्यामुळे धावपटूला धावता-धावता आपली हृदयगती पाहणे शक्य झाले. मोटारीतील एअरबॅगसाठी विकसित झालेले सूक्ष्म त्वरणमापक पुढे स्वस्त व लहान होत गेले आणि मोबाइल फोनमध्येही बसू लागले. अमेरिकेत २००७ मध्ये स्थापन झालेल्या फिटबिट या कंपनीने २००९ मध्ये कपड्याला अडकवायचा पहिला ट्रॅकर विक्रीस आणला. ॲपल कंपनीचे घड्याळ २०१५ मध्ये आले आणि २०१८ मध्ये त्याच्या चौथ्या आवृत्तीत हृदयालेख घेण्याची तसेच माणूस पडल्याचे ओळखण्याची सोय समाविष्ट झाली. २०२१ मध्ये फिटबिट ही कंपनी गूगलच्या मालकीची झाली.

कार्यपद्धती

पावलांची मोजणी

उपकरणात त्वरणमापक नावाचा सूक्ष्म संवेदक असतो. उभ्या, आडव्या व पुढे-मागे अशा तीन दिशांतील वेगबदल तो दर सेकंदाला अनेकदा नोंदवितो. चालताना हाताचा झोका ठरावीक लयीत जातो-येतो. ही लय ओळखून उपकरणातील गणनपद्धती प्रत्येक आवर्तनाचे पावलात रूपांतर करते. उपकरण पाऊल प्रत्यक्ष पाहत नाही, तर हाताच्या हालचालीवरून त्याचा अंदाज बांधते. यातूनच त्याच्या चुकाही उद्भवतात. टाळ वाजविणे, कपडे घासणे अशा लयबद्ध हालचाली काही वेळा पावले म्हणून मोजल्या जातात. उलटपक्षी दोन्ही हातांत पिशव्या असताना, बाबागाडी ढकलताना किंवा वॉकरच्या आधाराने चालताना हात स्थिर राहिल्यामुळे खरी पावले गणनेतून निसटतात.

नाडीची गती

घड्याळाच्या खालच्या बाजूस लुकलुकणारा हिरवा प्रकाश नाडी मोजण्यासाठी असतो. रक्तातील हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगल्या प्रकारे शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्ताचे प्रमाण किंचित वाढते, त्यामुळे परत येणारा प्रकाश किंचित घटतो. ही चढ-उतार शेजारील प्रकाशसंवेदक टिपतो आणि त्यावरून दर मिनिटाचे ठोके काढले जातात. घड्याळ सैल असेल, बांगड्यांमुळे ते सरकत असेल किंवा त्या जागी गडद गोंदण असेल, तर प्रकाशाचा मार्ग बिघडून आकडा चुकू शकतो. थंडीत त्वचेचा रक्तपुरवठा कमी झाल्यावरही असेच घडते. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत्संकेत थेट घेत असल्याने वेगाने बदलणाऱ्या व्यायामात तो अधिक भरवशाचा मानला जातो.

हृदयालेख

काही घड्याळांत पाठीमागे एक आणि कडेला किंवा किल्लीवर दुसरा विद्युदग्र असतो. एका मनगटावर घड्याळ बांधून दुसऱ्या हाताचे बोट त्यावर ठेवले की दोन हातांमधील विद्युत्परिपथ पूर्ण होतो आणि सुमारे अर्ध्या मिनिटाचा आलेख मिळतो. हा आलेख एकाच दिशेचा असतो, तर रुग्णालयातील प्रमाणित हृदयालेखात बारा दिशांची माहिती असते. या फरकाचे महत्त्व 'वैद्यकीय उपयोग आणि सावधगिरी' या विभागात दिले आहे.

रक्तातील प्राणवायू

प्राणवायूने युक्त आणि प्राणवायूविरहित हिमोग्लोबिन हे तांबडा व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. या फरकावर आधारित नाडी-ऑक्सिमीटरचे तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडले. कोविड-१९ च्या साथीत घरोघरी पोहोचलेली बोटाची चिमटी याच तत्त्वावर चालते. चिमटीत प्रकाश बोटातून आरपार जातो, तर मनगटावर तो परावर्तित होऊन परत येतो. परावर्तित प्रकाश क्षीण असल्याने घड्याळातील हे मापन हालचालीने लवकर बिघडते.

झोप आणि उष्मांक

झोपेची वैद्यकीय तपासणी मेंदूतील विद्युल्लहरींच्या नोंदीवर आधारलेली असते. मनगटावरील उपकरणाला त्या लहरी मिळत नाहीत. हालचालीचा अभाव आणि नाडीतील बदल यांवरून ते झोपेचे अनुमान करते. झोपेचा एकूण कालावधी त्यात बऱ्यापैकी जुळतो, परंतु गाढ झोप, हलकी झोप आणि स्वप्नावस्था यांची विभागणी कमी विश्वासार्ह असते. खर्च झालेले उष्मांक हेही मापन नसून वय, वजन, उंची, हालचाल व नाडी यांवरून काढलेला अंदाज असतो.

दहा हजार पावलांचे उद्दिष्ट

बहुतेक उपकरणांत 'दिवसाला १०,००० पावले' हे उद्दिष्ट आधीपासून भरलेले असते. या आकड्याचा उगम वैद्यकीय प्रयोगात नसून वर उल्लेखिलेल्या जपानी पदमापकाच्या नावात आहे. पुढे संशोधकांनी पावलांचा आणि आयुर्मानाचा संबंध तपासला, तेव्हा वेगळे चित्र समोर आले.

आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा समावेश होता. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या गटात मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. पावले वाढत गेली तसे ते आणखी घटले, पण सुमारे ७,५०० पावलांनंतर त्यात विशेष भर पडली नाही. २०२२ मध्ये १५ अभ्यासांतील ४७,४७१ प्रौढांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, साठ व त्यापुढील वयात हा लाभ ६,००० ते ८,००० पावलांच्या दरम्यान आणि त्याहून तरुण वयात ८,००० ते १०,००० पावलांच्या दरम्यान स्थिरावतो, असे दिसून आले.

हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. जो आधीच आजारी आहे तो कमी चालतो, हेही अशा आकड्यांत मिसळलेले असू शकते. तरीही त्यांतून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. अगदी कमी चालणाऱ्या माणसाला पहिल्या एक-दोन हजार जादा पावलांपासून मोठा लाभ संभवतो. १०,००० चा आकडा गाठता येत नाही म्हणून चालणेच सोडून देणे हे त्यामुळे नुकसानकारक ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत पावलांचा आकडा नाही. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा, तसेच आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा, अशी शिफारस त्यात आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस सुचविले आहेत.

उद्दिष्टे ठरविण्यासाठी उपयोग

उपकरणाचा उपयोग पुढील क्रमाने केल्यास तो अर्थपूर्ण होतो.

१. आधाररेषा: पहिला आठवडा नेहमीच्याच दिनक्रमाने घालवून रोजच्या पावलांची सरासरी काढावी. ही त्या व्यक्तीची आधाररेषा होय. सुटीचा दिवस आणि कामाचा दिवस यांत फरक असल्याने एकाच दिवसाच्या आकड्यावर अवलंबून राहू नये.

२. टप्प्याटप्प्याने वाढ: आधाररेषेत दर एक-दोन आठवड्यांनी सुमारे ५०० ते १,००० पावलांची भर घालावी. उदाहरणार्थ, ज्याची सरासरी ३,८०० आहे त्याने प्रथम ४,५०० चे आणि मग ५,२०० चे लक्ष्य ठेवावे. साधारण चालीने दहा मिनिटांत सुमारे हजार पावले होतात. त्यामुळे ही वाढ म्हणजे दिवसातील सात-आठ मिनिटे इतकीच असते.

३. चालण्याची लय: सर्व पावले सारखी नसतात. घरातल्या घरात फिरणे आणि झपझप चालणे यांत श्रमाचा फरक आहे. मिनिटाला सुमारे १०० पावले ही मध्यम तीव्रतेची ढोबळ खूण मानली जाते. या गतीने चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. दररोज ३० मिनिटे असे चालल्यास आठवड्यातील पाच दिवसांत १५० मिनिटे पूर्ण होतात.

४. हृदयगतीचा पल्ला: २२० मधून वय वजा केल्यास कमाल हृदयगतीचा ढोबळ अंदाज मिळतो. ६० वर्षांच्या व्यक्तीसाठी तो १६० येतो. त्याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे मिनिटाला ८० ते ११२ ठोके, हा मध्यम व्यायामाचा पल्ला होय. प्रत्यक्षात व्यक्तीव्यक्तींत बराच फरक असतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच मंद राहते, म्हणून त्यांना हे सूत्र लागू पडत नाही. त्यांनी आपला पल्ला डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

५. कल पाहणे: एका दिवसाच्या आकड्यापेक्षा महिन्याचा कल अधिक बोलका असतो. नियमित व्यायामाने विश्रांतीच्या वेळची नाडी काही महिन्यांत हळूहळू कमी होते. उलट ताप, अपुरी झोप किंवा अतिश्रम यांमुळे ती काही दिवस वाढलेली दिसू शकते.

६. न मोजले जाणारे व्यायाम: सूर्यनमस्कार, योगासने, सायकल चालविणे, वजन उचलणे यांत पावले फारशी पडत नाहीत. अशा व्यायामांची नोंद वेगळा प्रकार निवडून किंवा मिनिटांत ठेवावी. केवळ पावलांच्या मागे लागून स्नायूंच्या व तोलाच्या व्यायामाकडे दुर्लक्ष करणे विशेषतः उतारवयात अयोग्य आहे.

परिणामकारकता

पदमापकाचा प्रत्यक्ष परिणाम तपासणाऱ्या २६ अभ्यासांचा आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील नियंत्रित चाचण्यांत पदमापक वापरणारे लोक इतरांपेक्षा दिवसाला सरासरी सुमारे २,५०० पावले अधिक चालले. पावलांचे निश्चित उद्दिष्ट डोळ्यांसमोर असणे हा या वाढीशी निगडित असलेला महत्त्वाचा घटक होता. आधुनिक उपकरणांविषयीच्या ३९ आढाव्यांचा एकत्रित परामर्श २०२२ मध्ये घेण्यात आला. त्यानुसार दिवसाला सुमारे १,८०० पावले अधिक पडतात आणि वजन सरासरी एक किलोच्या आसपास घटते. हा लाभ खरा आहे, पण जाहिरातीतून सूचित होतो तेवढा नाट्यमय नाही.

काही चाचण्यांचे निष्कर्ष याहून वेगळे आहेत. पिट्सबर्ग विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत वजन जास्त असलेले ४७१ तरुण सहभागी झाले होते. सर्वांना आहार व व्यायामाचे मार्गदर्शन मिळत होते. सहा महिन्यांनंतर अर्ध्या लोकांना दंडावर बांधायचे उपकरण देण्यात आले आणि उरलेल्यांनी स्वतःच्या नोंदी स्वतः ठेवल्या. दोन वर्षांअखेर उपकरण वापरणाऱ्यांचे वजन सरासरी ३.५ किलोने, तर स्वतः नोंदी ठेवणाऱ्यांचे ५.९ किलोने कमी झाले होते. या उलट्या निकालाचे निश्चित कारण सिद्ध झालेले नाही. मात्र केवळ उपकरण दिल्याने वजन आपोआप अधिक घटत नाही, हे त्यातून दिसले.

त्याच वर्षी सिंगापूरमध्ये ८०० नोकरदारांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना उपकरणाबरोबर रोख बक्षीस मिळत होते त्यांची हालचाल पहिल्या सहा महिन्यांत वाढली, पण बक्षीस थांबल्यावर ती वाढ टिकली नाही. वजन व रक्तदाब यांत वर्षअखेर सुधारणा आढळली नाही. सुमारे ४० टक्के लोकांनी सहा महिन्यांतच उपकरण वापरणे सोडले होते आणि वर्षाअखेर सुमारे १० टक्केच ते वापरत होते. उपकरण खणात जाऊन पडणे ही या तंत्रज्ञानाची सर्वांत मोठी व्यावहारिक अडचण मानली जाते. सोबतीने चालणारा गट, ठरलेली वेळ आणि गाठता येण्याजोगे लक्ष्य यांची जोड असल्यास सवय टिकण्यास मदत होते.

अचूकता

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सात प्रकारची मनगटी उपकरणे ६० स्वयंसेवकांवर तपासली. सातपैकी सहा उपकरणांची हृदयगतीतील चूक पाच टक्क्यांच्या आत होती. उष्मांकांच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के आणि सर्वांत अचूक नसलेल्याची ९३ टक्के आढळली. 'आज ४०० उष्मांक जळाले' असे घड्याळ सांगते म्हणून तेवढे जास्त खाणे हा यामुळे वजन वाढण्याचा मार्ग ठरू शकतो.

त्वचेचा वर्ण हाही अचूकतेशी निगडित प्रश्न आहे. अमेरिकेतील रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या नाडी-ऑक्सिमीटरविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्राने न दाखविलेली प्राणवायूची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांत श्वेतवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट आढळली. गडद त्वचेतील मेलॅनिन प्रकाश शोषत असल्याने असे घडते. भारतासारख्या देशात, जेथे त्वचेच्या छटा विविध आहेत, तेथे हा मुद्दा दुर्लक्षून चालणार नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांची गणनपद्धती वेगळी असल्याने दोन उपकरणांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे योग्य नव्हे. एकाच व्यक्तीने एकच उपकरण, त्याच हातावर, सातत्याने वापरल्यास त्यातील चुका बऱ्याच अंशी सारख्या राहतात आणि कल पाहण्यास ते उपयोगी पडते.

वैद्यकीय उपयोग आणि सावधगिरी

हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, म्हणजेच एट्रियल फिब्रिलेशन, हा विकार अनेकदा लक्षणांविना असतो आणि त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो. नाडीतील अनियमितता घड्याळाने ओळखता येते का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ४,१९,२९७ लोकांचा अभ्यास करण्यात आला व त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ०.५२ टक्के लोकांना अनियमिततेची सूचना मिळाली. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर नोंदपट्टी लावून ती परत पाठविली, त्यांतील ३४ टक्के लोकांत हा विकार त्या काळात आढळला. हा विकार येतो-जातो, त्यामुळे उरलेल्यांना तो नव्हताच असे म्हणता येत नाही. तात्पर्य, घड्याळाची सूचना हे निदान नव्हे, तर डॉक्टरांकडे जाण्याचे कारण आहे.

घड्याळातील हृदयालेख हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. उत्पादकही तसे स्पष्टपणे नमूद करतात. हृदयाच्या कोणत्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला आहे हे समजण्यासाठी बारा दिशांचा हृदयालेख आणि रक्ततपासणी आवश्यक असते. छातीत दाब किंवा वेदना, डाव्या हातात वा जबड्यात कळ, घाम फुटणे, धाप लागणे अशी लक्षणे असताना घड्याळ 'लय सामान्य' असे दाखवीत असले तरी क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठणे आवश्यक आहे. भारतात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक उपलब्ध आहे. अशा प्रसंगी घड्याळावर विसंबून घालविलेला वेळ जिवावर बेतू शकतो.

मधुमेहासाठीचे अखंड ग्लुकोजमापक हे त्वचेखाली बारीक तंतू सारून पेशींभोवतालच्या द्रवातील साखर मोजतात. रक्तातील साखरेपेक्षा हा आकडा काही मिनिटे मागे असतो. त्वचेला न टोचता रक्तातील साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला, कारण अशा एकाही साधनाला त्याने मान्यता दिलेली नव्हती. चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. रक्तदाबाच्या बाबतीतही दंडावर पट्टा गुंडाळून केलेले मापनच आधारभूत धरावे. रक्तदाब दाखविणारी काही घड्याळे ठरावीक मुदतीने अशा पट्ट्याच्या मापनाशी जुळवून घ्यावी लागतात.

अतिनोंदींचा मनावरही ताण येतो. झोपेचे आकडे परिपूर्ण करण्याच्या काळजीनेच झोप बिघडण्याच्या अवस्थेला २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी 'ऑर्थोसोम्निया' हे नाव दिले. सकाळी ताजेतवाने वाटत असताना केवळ घड्याळाचा गुणांक कमी आहे म्हणून चिंता करण्याचे कारण नसते.

माहितीची गोपनीयता

नाडी, झोप, मासिक पाळी आणि फिरण्याचा मार्ग ही अत्यंत खासगी माहिती आहे. ती बहुधा कंपनीच्या संगणकांवर साठविली जाते. व्यायामाच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने वापरकर्त्यांच्या मार्गांचा एकत्रित जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यात नावे नव्हती, तरी निर्जन प्रदेशांत धावणाऱ्या सैनिकांच्या मार्गांवरून लष्करी तळांच्या रूपरेषा दिसत असल्याचे जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले. सामान्य माणसाच्या बाबतीत हाच मार्ग त्याचे घर आणि रोजच्या बाहेर पडण्याची वेळ सांगू शकतो.

भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. माहिती गोळा करण्यासाठी संमती घेणे हे त्याचे मूलतत्त्व आहे. वापरकर्त्याने ॲपमधील मार्ग सार्वजनिक करण्याची सोय बंद ठेवणे, अनावश्यक परवानग्या नाकारणे आणि उपकरण विकताना वा दुसऱ्याला देताना त्यातील नोंदी पुसून टाकणे इष्ट होय.

भारतातील स्थिती

भारतात या तंत्रज्ञानाची गरज व त्याचा प्रसार दोन्ही मोठे आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०२२ साली जवळजवळ निम्मे भारतीय प्रौढ शिफारशीपेक्षा कमी शारीरिक हालचाल करीत होते. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ५७ टक्के, तर पुरुषांत सुमारे ४२ टक्के होते. नॉइज, बोट, फायर-बोल्ट यांसारख्या भारतीय नाममुद्रांच्या स्वस्त घड्याळांमुळे ही साधने मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आहेत.

१ एप्रिल २०२० पासून भारतात सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आली. तथापि बाजारातील अनेक घड्याळे स्वतःला वैद्यकीय उपकरण म्हणवीत नाहीत. 'केवळ सर्वसाधारण स्वास्थ्यासाठी' अशी सूचना त्यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दिलेली असते. खरेदीपूर्वी ही सूचना वाचणे आवश्यक आहे.

स्त्रियांच्या बाबतीत मोजमापाची आणखी एक अडचण संभवते. फोन खिशात असेल तर तो पावले मोजतो, परंतु साडी नेसणाऱ्या स्त्रीचा फोन बहुधा ओट्यावर किंवा पर्समध्ये असतो. अशा वेळी घरकामातील चालणे नोंदले जात नाही आणि हालचाल आहे त्यापेक्षा कमी दिसते. मनगटावरील उपकरणाने ही उणीव काही अंशी भरून निघते. मात्र घरकामात पडणारी पावले बहुधा संथ व तुटक असल्याने सलग झपझप चालण्याची गरज त्यांनी पूर्णपणे भागत नाही. ज्यांच्याकडे असे कोणतेही साधन नाही, त्यांना साधे घड्याळ पाहून रोज अर्धा तास चालणे आणि दिनदर्शिकेवर त्याची खूण करणे हा पर्याय उपलब्ध आहे. उद्दिष्ट ठरविणे, नोंद ठेवणे आणि ती नियमितपणे पाहणे ही या उपकरणांमागील मूळ पद्धती त्यातही पाळली जाते.